मागच्या सीटसकट

गाडीची मागची सीट काढून टाकायची, असं भाऊजींनी जाहीर केलं तेव्हा सासूबाई त्याच सीटवर बसलेल्या होत्या.

दोघी दवाखान्यातून परत येत होत्या. सासूबाईंच्या कमरेचे व्यायाम आठवड्यातून तीनदा असत. सून पुढे स्टिअरिंगवर, सासूबाई मागे पाठीला उशी लावून, अशी ही फेरी दोन वर्षं बिनचूक चालली होती. भाऊजींच्या गॅरेजपुढे गाडी थांबली ती चाकांतली हवा बघायला. भाऊजी फडक्याला हात पुसत आले, मागच्या दाराला टेकले आणि आईच्या डोक्यावरून वहिनीशी बोलू लागले.

"वहिनी, या हंगामात ही सीट बाहेर. पंचवीस किलो नुसतं फुकटचं ओझं आहे."

"कोणाबद्दल बोलतोयस?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"सीटबद्दल गं आई."

"मग ठीक. मला वाटलं, माझं वजन काढतोयस."

सून हसली नाही. धाकटे दीर असं बोलता बोलता काहीतरी जाहीर करतात आणि आठवड्याभरात ते होऊनही जातं, हे ती लग्नापासून पाहत आली होती.

गाडी सासऱ्यांची. चार दारांची, लांब नाकाची, मागच्या चाकांनी पळणारी. कागदावर आता सासूबाईंचं नाव होतं. इंजिन मात्र भाऊजींनी सहा हिवाळे खपून बांधलं होतं आणि त्या इंजिनावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. नवरा जहाजावर. आठ महिने समुद्रात, चार महिने घरी. त्यामुळे गाडी चालवायची ती हिनंच. सकाळी कामावर, दुपारी दवाखान्यात आणि महिन्यातल्या एका रविवारी गावाबाहेरच्या सरळ पट्टीवर, जिथे दोन गाड्या शेजारी उभ्या राहून चारशे मीटर पळतात आणि घड्याळ सेकंदाचे शंभर तुकडे करून दाखवतं.

ती लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला होती. पट्टीवरची मंडळी तिला लिफ्टवाली म्हणत. तिची गाडी रांगेत आली की कुणीतरी विचारायचंच, "लिफ्टवाली, कितव्या मजल्यावर निघालीस?" ती म्हणायची, "तू उतरशील त्याच्या वरच्या."

"एकाच गाडीनं दवाखाना आणि रेस, हे दोन डगरींवर पाय ठेवणं झालं," भाऊजी पुढे म्हणाले. "खुल्या वर्गात उतरवू, तिथं गाडीतून काहीही काढता येतं. सीट काढू, रेसचे पक्के शॉकअप टाकू, ट्रेलरवरून नेऊ. चालवायला माझा पोरगा आहे तयार."

हा पोरगा म्हणजे त्यांच्या गॅरेजातला मुख्य मेकॅनिक, तीस वर्षांचा बाप्या.

"आणि मी दवाखान्यात ट्रेलरवरून जायचं का?" सासूबाई म्हणाल्या.

"टॅक्सी आहेत की गं."

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. आवाज नेहमीसारखाच, शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल असा. "भाऊजी, शॉकअप बदलायचेत हे खरं. कोणते, ते मी बघते."

चाकांचे धक्के झेलणारे जुने शॉकअप खरंच संपले होते. खड्ड्यातून बाहेर आल्यावर गाडी तीनदा मान हलवायची. पट्टीवर सुटताना तर मागची चाकं जमिनीवर टपटप नाचायची, आणि चाक नाचलं की इंजिनाची सगळी मेहनत धुरात जाते. प्रश्न इतकाच होता की पट्टीला जे हवं, त्याच्या अगदी उलटं रस्त्याला हवं. पट्टीवर सुटताना गाडीचं नाक झटकन वर उठायला पाहिजे, म्हणजे सगळं वजन मागच्या चाकांवर पडतं आणि टायर जमिनीला चिकटतो. म्हणून पुढचे शॉकअप सैल हवेत. मागचे मात्र कडक, नाहीतर गाडी मागे बसते ती बसतेच. रस्त्यावर नाक असं उठायला लागलं तर वळणावर पोटात गोळा येतो, आणि मागे कडक शॉकअप असले तर मागे बसलेल्या बाईच्या कमरेचं जे व्हायचं ते होतं.

पार्टवाल्याच्या दुकानात भाऊजीही आले. न बोलावता. पार्टवाल्यानं काउंटरवर तीन शॉकअप मांडले. पहिला रेसचा पक्का, आत जे बसवलंय ते बसवलंय. दुसऱ्याला एक नॉब. तिसऱ्याला दोन.

"हा घ्या," भाऊजींनी पहिल्यावर हात ठेवला. "खुल्या वर्गात सगळे हाच लावतात."

तिनं दुसरा उचलला. "हा नॉब फिरवला की काय बदलतं?"

"सगळं कडक होतं, ताई. किंवा सगळं सैल."

"दाबताना आणि उसळताना, दोन्ही एकदम?"

पार्टवाल्यानं भाऊजींकडे बघितलं. "दोन्ही एकदम."

"मग नको."

तिसऱ्याचा एक नॉब शॉकअप किती चटकन दबेल ते ठरवायचा, दुसरा तो किती चटकन परत उसळेल ते. दोन्ही नॉबना अठरा-अठरा खटके. तिनं पार्टवाल्याकडून तो शिकंज्यात आडवा धरून घेतला. दांडा आत ढकलला, सोडला. नॉब फिरवला, पुन्हा ढकलला. मग पिशवीतून कामाचा हातमोजा काढला, घातला आणि मोज्यानं नॉब फिरतो का ते पाहिलं.

"हे कशाला?" पार्टवाला.

"चाक न काढता, गाडीखाली आडवं पडून फिरवायचाय. तेव्हा हात स्वच्छ नसतो."

"एवढी चौकशी लोक घर घेताना करत नाहीत."

"घर रोज फिरवावं लागत नाही," ती म्हणाली. "चार द्या. आणि गळायला लागला तर उघडून दुरुस्त होतो का, तेही सांगा."

होत होता. भाऊजींनी एवढा वेळ छताकडे बघण्यात घालवला होता. आता ते दारात आडवे उभे राहिले.

"ठीक आहे वहिनी. लावा तुमचे खेळण्यातले शॉकअप. दीड महिन्यांनी रस्त्याच्या वर्गाची स्पर्धा आहे. बारा सेकंदांच्या आत आणून दाखवा. नाही आली, तर सोमवारी गाडी माझ्या गॅरेजात आणि सीट बाहेर. ठरलं."

ती काही बोलली नाही. खोकं उचललं, त्यांच्या बगलेखालून बाहेर पडली. भाऊजींनी मान डोलावली, जणू तिनं हो म्हटलं होतं.

रात्री फोनवर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघं काय ते बघून घ्या. मी पाण्यात आहे." जमिनीवर असतानाही तो हेच म्हणायचा, त्यामुळे तिला विशेष काही वाटलं नाही.

चारही शॉकअप तिनं एका रविवारी बसवले, प्रत्येक नॉब बाहेरच्या बाजूला येईल असे. आणि दुसऱ्या दिवसापासून नेम सुरू केला. एका फेरीला एकच नॉब, एकच खटका. त्याहून जास्त नाही, कितीही मोह झाला तरी. परत आल्यावर वहीत नोंद. नोंदीचा निम्मा मजकूर सासूबाईंचा असे, कारण मागच्या सीटवर काय घडतं ते पुढे बसून कळत नाही.

"मागे दाब सहा," ती इंजिन बंद करून विचारायची. "आज कसं?"

"कवळी हलली."

"मागे दाब तीन?"

"झोप लागली. दवाखाना कधी आला कळलं नाही."

"मागे उसळ दोन?"

"बोटीत बसल्यासारखं. तुझ्या नवऱ्याला हे आवडत असेल, मला नाही."

तिसऱ्या आठवड्यात सासूबाई न विचारताच सांगू लागल्या. एकदा तर रस्त्याच्या मधोमध म्हणाल्या, "आज डावीकडे एक खटका चुकलाय तुझा." सुनेनं घरी येऊन मोजलं, तर खरंच चुकला होता. त्या दिवशी तिनं वहीत सासूबाईंच्या नावाला एक वेगळं पान दिलं.

रस्त्याचं गणित असं बसलं. पट्टीचं गणित तिनं सरावाच्या दोन रविवारी बसवलं. पुढे उसळ तीन. मागे दाब बारा, उसळ नऊ. लिफ्ट वर निघताना माणसाचं वजन जसं टाचेत उतरतं, तसं त्या आकड्यांवर गाडी सुटताना तिचं वजन पाठीत उतरायचं. टायर ओरडायचा नाही. सरावाला घड्याळ नव्हतं, पण पाठीला कळत होतं.

स्पर्धेचा दिवस उजाडला. रस्त्याच्या वर्गाचा नियम कडक होता. सकाळी सगळ्या सीटा, जॅक, जादा चाक जागेवर असल्याची तपासणी. मग सगळ्यांनी मिळून साठ किलोमीटर वाहत्या रस्त्यावरून फिरून यायचं. त्यानंतर गाडीतून काही काढायचं नाही, गाडीत काही घालायचं नाही. नॉब मात्र फिरवता येतात. मग तीन धावा.

साठ किलोमीटर सासूबाई मागे बसून आल्या. इतर गाड्यांत मागे कुणी नव्हतं. पेट्रोल पंपावर एका पोरसवदा रेसवाल्यानं काचेतून वाकून विचारलं, "आजी, भीती नाही वाटत?"

"वाटते ना," सासूबाई म्हणाल्या. "तू मागून येतोयस तोवर वाटणारच. ब्रेक नीट आहेत ना तुझे?"

परत आल्याबरोबर चालकांना सूचनांसाठी बोलावलं. नॉब फिरवायला वेळ उरला नाही. भाऊजी तिथंच होते, पट्टीवर त्यांचा शब्द चालायचा आणि त्यांना हातावर हात ठेवून बसणं जमत नसे.

"द्या आकडे, मी करतो," ते म्हणाले, आणि ते मनापासून होतं. त्यांना वहिनीचं म्हणणं खोटं पडायला हवं होतं, पण आपल्या इंजिनाची गाडी मागे पडलेली सोसणारा तो माणूस नव्हता. तिनं चिठ्ठीवर लिहून दिलं: पुढे उसळ ३. मागे दाब १२, उसळ ९.

पहिली धाव. पिवळे दिवे एकेक लागत खाली आले, हिरवा लागला आणि तिनं पाय दाबला. नाक उठलंच नाही. मागची चाकं जागच्या जागी फिरली, धूर झाला, शेजारची गाडी निघून गेली. बारा पूर्णांक बासष्ट.

दुसऱ्या धावेला तिनं पाय हळू दाबला. बारा पूर्णांक एक्केचाळीस.

ती रांगेत परतली तेव्हा भाऊजी खिडकीशी आले. हातात पाना होता.

"वहिनी, अजून एक धाव आहे," त्यांनी आवाज खाली आणला. "चार नट. दोन मिनिटांत सीट बाहेर, माझ्या गाडीत टाकतो. तपासणी सकाळीच झाली, आता कोण बघतंय? वेळ थोडी तरी खाली येईल."

"नाही."

"अहो, तुमच्याच भल्याचं सांगतोय. सीट राहावी म्हणून तर हा खटाटोप ना? मग पाच मिनिटं बाहेर राहू दे."

"सीट काढून बाराच्या आत आणली, तर मी काय दाखवलं? तुमचंच म्हणणं खरं केलं. सीट गाडीत आहे म्हणून मी या वर्गात आहे. पाना ठेवा आत."

"हट्टीपणा आहे हा."

"आहे," ती म्हणाली.

भाऊजी पाना घेऊन उभेच राहिले. ती मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून दोन्ही धावा पुन्हा मनातल्या मनात चालवत होती. स्टिअरिंग जड होतं. म्हणजे वजन पुढेच राहिलं. पाठीत काही उतरलं नाही. लिफ्ट वर निघाली आणि टाचेत काहीच जाणवलं नाही, तर लिफ्टवाल्या माणसाला एकच गोष्ट सुचते: लिफ्ट निघालीच नाही. सरावात याच आकड्यांवर ती निघाली होती.

"भाऊजी, खटके मोजले कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"कोणत्या टोकापासून?"

"घट्ट टोकापासून. पूर्ण आवळायचं, मग मागे मोजत यायचं." ते असं बोलले जणू तिनं पाणी कुठून खाली वाहतं विचारलं होतं. "सैल टोकाचा काय भरवसा? जुन्या शॉकअपला तिकडे थांबच नसायचा. वीस वर्षं गॅरेजात आम्ही असंच मोजतो. सगळेच असं मोजतात."

ती क्षणभर डोळे मिटून बसली. चिठ्ठीवर तिनं आकडे लिहिले होते, टोक लिहिलं नव्हतं. लिहावं असं मनातही आलं नव्हतं. पंधरा वर्षं लिफ्टमध्ये काढलेल्या बाईला, कुणी वरून खाली मोजत असेल ही कल्पनाच शिवली नव्हती. तिचं सगळं मोजणं तळमजल्यापासून सुरू होत असे. सैल म्हणजे तळमजला, शून्य, आणि तिथून वर. म्हणजे अठरा खटक्यांत पुढे तीनच्या जागी पंधरा झाले होते आणि मागचा दाब बाराचा सहा.

"चूक माझी," ती दार उघडत म्हणाली. "मी टोक लिहिलं नाही. पण आता हात लावू नका. मी करते."

तिच्या आधी रांगेत चार गाड्या होत्या. तिनं हातमोजा चढवला आणि तापलेल्या सिमेंटवर आडवी झाली. पुढचं डावं चाक. नॉब सैल टोकापर्यंत, मग एक, दोन, तीन. पुढचं उजवं. माथ्याशी सायलेन्सरच्या नळीची आच येत होती. मागचं डावं: दाब शून्यावर, मग बारा. उसळ शून्यावर, मग नऊ. ती पुटपुटत मोजत होती. मध्येच कुणीतरी मागून ओरडलं, "लिफ्ट बंद पडली का?" तिनं उत्तर दिलं नाही, कारण आकडा चुकला असता. मागचं उजवं संपलं तेव्हा रांग पुढे सरकली होती आणि मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

तिसरी धाव. हिरवा लागला, तिनं पाय दाबला, समोरचा रस्ता दिसेनासा होऊन फक्त बोनेट आणि आभाळ दिसलं आणि कुणीतरी दोन्ही तळव्यांनी छातीवर रेटावं तसं तिचं सगळं वजन पाठीत जाऊन बसलं. टायर ओरडला नाही. मग नाक खाली आलं, रस्ता परत दिसू लागला, आणि तो संपलाही.

अकरा पूर्णांक ब्याण्णव.

ती गाडी हळूहळू वळवून आणेपर्यंत भाऊजी धावतच समोर आले. चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. त्यांनी बोनेटवर दोन्ही हात ठेवले, जणू इंजिनाची पाठ थोपटत होते.

"ब्याण्णव! वहिनी, एवढं सगळं सामान आत घेऊन ब्याण्णव. आता विचार करा, सीट नसती तर. जादा चाक नसतं तर. मी सांगतो, साडेअकरा कुठंच गेले नाहीत. सोमवारी आणाच गाडी. आता तर खुल्या वर्गात उतरवलीच पाहिजे."

ती इंजिन बंद करून खाली उतरली.

"बाराच्या आत आली तर गाडी माझ्याकडे राहणार होती," ती म्हणाली.

"अहो, ते आपलं चिडून बोललो होतो. ती अशी पळेल हे कुठं माहीत होतं?"

"म्हणजे हळू पळाली तरी सीट काढायची आणि जोरात पळाली तरी काढायची."

भाऊजी हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. "तसं नाही हो. पण ठरलं होतं ना आपलं काहीतरी. तुम्ही काही नाही म्हणाला नव्हता."

"ठरवलं तुम्ही. मी गप्प होते."

"गप्प म्हणजे होच की."

"नाही, भाऊजी. गप्प म्हणजे गप्प." आवाज अजूनही तसाच, शेजारच्याला ऐकू जाईल इतकाच, पण आता आजूबाजूचे चार जण बोलायचे थांबले होते आणि तिला त्याची फिकीर नव्हती. "लग्न झाल्यापासून या घरात मी गप्प बसले की लोक हो समजतात. ती माझीही चूक. म्हणून आज तोंडानं सांगते. गाडी खुल्या वर्गात जाणार नाही. ट्रेलरवर चढणार नाही. दुसरं कुणी चालवणार नाही. आणि मघाशी बारा-एक्केचाळीसच राहिली असती, तरी सोमवारी मी किल्ली दिली नसती."

"इंजिन माझं आहे त्यात." भाऊजींचा आवाज बसला होता.

"आहे. सहा हिवाळे तुम्ही खपलात, ते मी बघितलंय. बोनेट केव्हाही उघडा, मी दिवा धरून उभी राहीन. मागचं दार उघडून पाना लावायचा नाही."

भाऊजींनी शेडकडे तोंड केलं. सासूबाई तिथं घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "आई, तू सांग हिला. गाडी तुझ्या नावावर आहे."

"हो का?" सासूबाई म्हणाल्या. "दीड महिना तुला हे आठवलं नाही. सीटवर बसलेली होते मी, तेव्हाही नाही आठवलं." त्या खुर्चीच्या हातावर भार देऊन सावकाश उठल्या. "तिनं नाही म्हटलंय. तुला ऐकू आलं नसेल तर मोठ्यानं म्हणायला सांगू?"

भाऊजींनी पाना खिशात घालायचा प्रयत्न केला. तो मावला नाही. मग ते वळले आणि आपल्या ट्रेलरच्या दिशेनं निघून गेले, मागे न बघता.

असं झालं की ती दरवेळी पाठोपाठ जायची. चहाचा कप घेऊन, 'भाऊजी, माझं बोलणं मनावर घेऊ नका' म्हणायला. पाय सवयीनं दोन पावलं गेलेही. तिथं ती थांबली. तिनं हातमोजा चढवला, पुन्हा जमिनीवर आडवी झाली आणि रस्त्याचे आकडे तळापासून मोजत एकेक चाक करत गेली.

सासूबाई आत जाऊन बसल्या होत्या. "तो चार दिवस बोलणार नाही," त्या म्हणाल्या.

"नाही बोलू दे."

"मग येईल इंजिनाचा आवाज ऐकायच्या निमित्तानं."

"आले तर आले. बोनेट उघडून देईन," ती म्हणाली आणि किल्ली फिरवली.

फाटकाशी पिवळ्या जाकिटातला माणूस गाड्या वेगळ्या करत होता. ट्रेलरवर चढवून नेणाऱ्यांना तो उजवीकडे मोकळ्या मैदानात पाठवत होता, चालवत जाणाऱ्यांना डावीकडे रस्त्यावर. तिच्या गाडीचे काळे झालेले टायर त्यानं पाहिले, बोनेटवरची धूळ पाहिली आणि सवयीनं उजवा हात वर केला.

तिनं डावा दिवा लावला आणि तो हात खाली येईपर्यंत तशीच थांबून राहिली.